उर्वशीची ओळ

आमच्या उर्वशीचं लग्न कॉम्प्युटरनं मोडलं, असं गोंदियाजवळच्या कुडव्यात अजूनही सांगतात. सांगणाऱ्यांची तोंडं मला पाठ आहेत. किराणा दुकानात तेल मोजता मोजता सांगतात, पंगतीत वरण वाढता वाढता सांगतात, आणि मी बाजूला उभी आहे हे दिसलं की आवाज बारीक करतात. बारीक कशाला करता? मोठ्यानं बोला ना! मी तिची सख्खी लहान बहीण, रिंकी. त्या दिवशी मी तिथे होते. कॉम्प्युटरनं काही मोडलं नाही. मशीनला तोंड नाही, म्हणून सगळ्यांनी आपापलं पाप त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि दोन्ही घरची मोठी माणसं हात झटकून मोकळी झाली. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो मी गिळणार नाही.

उर्वशी आज रायपूरला आहे. तिकडच्या लोकांना ती कडक मॅडम म्हणून माहीत आहे. इथल्यांना माहीत आहे ती चैतराम कटरेंची मोठी पोरगी, जिची जीभ फार चालते. जीभ चालायची हे खरं. पण ती कशावर चालायची हे कोणी सांगत नाही. लहानपणी मायनं विचारलं, "दूध आहे का गं?" तर मी बसल्या जागेवरून "हव" म्हणून मोकळी व्हायची. उर्वशी उठायची, पातेल्याचं झाकण काढायची, आत पाहायची, मग सांगायची. मांजर येऊन गेलं असेल तर? कोणी चहाला घेऊन गेलं असेल तर? मायला त्याचा वैताग यायचा. "इतकी चौकशी पोलिसबी नाही करत," असं म्हणायची. पण खीर करायची असली की दूध पाहायला उर्वशीलाच पाठवायची, मला नाही.

गोंदियाला बीएस्सी कॉम्प्युटर करून ती घरी बसली होती, तेव्हा टेकचंद गुरुजींनी तिला बोलावलं. दोन हजार सहाची गोष्ट. गुरुजी म्हणजे रिटायर हेडमास्तर, पांढरं धोतर, कपाळाला गंध, अख्ख्या समाजात मान. त्यांनी कुडव्यात आपल्या घराच्या पुढच्या भागात सोयरीक केंद्र काढलं होतं. हॉलमध्ये बाकडी, बाकड्यांसमोर टेबलावर मोठा मॉनिटर, आतल्या खोलीत दोन मशीनं. एकावर कुंजीलाल नावाचा ऑपरेटर बसायचा, दुसऱ्यावर उर्वशी बसायला लागली. तिन्ही मशीनं वायरनं जोडलेली.

लोक लांबून यायचे. तिरोड्याचे, आमगावचे, तिकडे बालाघाटचेही. आल्या आल्या आधी कूळ सांगायचं. आमच्यात आडनाव तेच कूळ, आणि आपल्याच कुळात सोयरीक होत नाही. त्यामुळे कटरे आले की कटरे गाळून बाकीची यादी हॉलच्या मॉनिटरवर दाखवायची. नाव, कूळ, गाव, शिक्षण, नोकरी, उंची, फोन आणि सगळ्यात शेवटी स्थिती. स्थिती दोनच प्रकारची. चालू, म्हणजे अजून स्थळ शोधणं चालू, नाहीतर जुळले. बाकड्यावरच्या बायांची नजर पहिले त्या शेवटच्या रकान्यावर जायची.

सुरुवातीला नागपूरच्या कोण्या पोरानं या कामासाठी प्रोग्राम लिहून दिला होता. तो बंद पडला, आणि पोरगा फोन उचलेना. मग हे लोक डेटाबेस सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट शिरून यादी उघडायचे आणि तिथेच ओळीत लिहायचे. ते सॉफ्टवेअर खरं तर इंजिनिअर लोकांच्या कामाचं. त्याचा एक गुण मला पहिल्याच महिन्यात समजला, कारण जेवताना ताई रोज त्याच्यावरच चिडायची. यादी उघडली की ती त्या घडीला जशी असेल तशी समोर येते, आणि मग तशीच बसून राहते. शेजारच्या मशीनवर कोणी काही बदललं, तरी तुमच्या विंडोला त्याचा पत्ता नाही. तुम्ही रिफ्रेशचं बटण दाबाल तेव्हाच ती जाऊन नवीन पाहून येणार. आणि वरून आणखी एक. अशा शिळ्या विंडोत बसून तुम्ही कोणाची नुसती उंची दुरुस्त करून सेव्ह केली, तर ती अख्खी ओळच्या ओळ शिळ्यासकट परत जाऊन बसते. काल जुळलेला पोरगा आज पुन्हा चालू!

हे कळायला केंद्राला एका पोरीची इज्जत खर्ची घालावी लागली. कुंजीलाल माणूस वाईट नाही, पण आळसाचा गोळा. सकाळी अगरबत्तीसोबत यादी उघडायची आणि संध्याकाळी बंद करायची, मध्ये बटणाला बोट लावायचं नाही. लांजीकडचे राहांगडाले आले होते. त्यांना तिरोड्याचा एक पोरगा आवडला. कुंजीलालनं मॉनिटरकडे बोट दाखवून सांगितलं, "चालू दिसून राहिला, बिनधास्त जा." ते लोक जीप करून गेले. पोरीलाही साडी नेसवून सोबत नेली. तिथे दारात मांडव, आणि पोराला हळद लागून राहिलेली! लोकं हसली. पोरगी मांडवाच्या बाहेर उन्हात उभी. दुसऱ्या दिवशी तिची माय केंद्रात येऊन बाकड्यावर बसली आणि रडत राहिली.

उर्वशी आतून उठली आणि तिनं कुंजीलालच्या मशीनची वायर भिंतीतून उपटली.

"पडद्यावर चालू दिसून राहिलं होतं, मी काय करू?" कुंजीलाल म्हणाला.

"पडदा तुझा बाप आहे का? बटण दाबाले हात दुखते का तुझा?"

"अवो, पण रोज कोण..."

"रोज नाही. दर वेळी! कोणी तोंड उघडून विचारलं की आधी बटण, मंग उत्तर."

गुरुजी मध्ये पडले, म्हणून वायर परत लागली. पण त्या दिवसापासून केंद्रात उर्वशीचा कायदा चालू झाला. हॉलच्या मॉनिटरवर तिनं कागद चिकटवला, "आधी रिफ्रेश." कुंजीलाल विसरला की आतून ओरडायची. पाहुण्यांसमोर ओरडायची, कुंजीलालचा चेहरा पडायचा, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. घरीही तेच. मी सांगितलं की नळाला पाणी नाही, तर म्हणायची, "कधी पाहिलं? आता जाऊन पाहून ये." गल्लीतली पोरं तिला रिफ्रेशबाई म्हणायला लागली. ती चप्पल काढून त्यांच्या मागे धावायची. पण त्यानंतर केंद्राच्या यादीवरून कोणाच्या मांडवाबाहेर कोणी उभं राहिलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

दोन हजार आठच्या सुरुवातीला तिचंच जमलं. भुवनेश्वर बिसेन, आमगावकडचा. शिक्षणसेवक होता, पुढे पर्मनंट होणार होता. केंद्राच्या यादीतूनच जमलं, गुरुजींनीच जमवलं. पोरगा दिसायला बरा, बोलायला गोड. तिच्यासारख्या तिखट पोरीला बघून घाबरला नाही, उलट हसला. तेवढ्यावर ताई भाळली. आता हसणाऱ्याचा काय भरवसा, पण तेव्हा मलाही तो आवडला होता. थाटात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला, मे महिन्यातली तारीख निघाली. दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन केंद्रात गेली आणि दोन्ही याद्या उघडून स्वतःच्या हातानं लिहिलं. मुलांच्या यादीत भुवनेश्वर, जुळले. मुलींच्या यादीत उर्वशी, जुळले.

तिचं मशीन ती कधी पुरतं बंद करायची नाही. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट जायच्या आधी मशीन झोपवून ठेवायची आणि सकाळी उठवायची. उठवलं की कालच्याच विंडो समोर. मुलांच्या यादीचं काम तिच्याकडे होतं, ती यादी दिवसातून कितीदा तरी रिफ्रेश करायची. मुलींची यादी कुंजीलालकडे. पण मुलींच्या यादीची ती पेढ्यांच्या दिवशीची विंडो तिनं बंद केलीच नव्हती. खाली दाबून ठेवली होती. मी एकदा तिच्याकडे गेले असताना ती विंडो वर आली. तिची ओळ, आणि शेवटी जुळले. मी म्हटलं, "हे काऊन उघडी ठेवली?" ती चक्क लाजली. "असू दे ना. बरं वाटते पाहाले," म्हणाली. उर्वशी लाजलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मी तिला चिडवलं, तिनं मला धपाटा घातला.

मार्च संपता संपता, एका सकाळी मुलांची यादी रिफ्रेश केली, तर भुवनेश्वर चालू!

ती आधी कुंजीलालवरच गेली. आणि खरंच, त्याच्याही झोपवलेल्या मशीनवर मुलांच्या यादीची साक्षगंधाच्या आधीची एक विंडो तशीच उघडी होती. त्यातून त्यानं काही जणांचे फोन नंबर बदलले होते, कोणाचे ते त्याला आठवेना. "माझ्याच हातानं झालं असंल," बिचाऱ्यानं कान पकडले. तिनं ओळ दुरुस्त केली, त्याला चार शब्द सुनावले आणि विषय संपला. आठवड्यानं पुन्हा चालू. पुन्हा कुंजीलाल, पुन्हा कान. तो म्हणाला, "आज मी त्या यादीत गेलोच नाही, आईची आण." तिनं विश्वास ठेवला नाही. घरी आली ती फणफणत. बाबूजी अंगणात खाटेवर पेपर वाचत होते. त्यांना तिनं सांगितलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तूच त सांगते ना बापा, शिळी विंडो सेव्ह झाली का होते म्हणून. झालं असंल." गुरुजीही तेच म्हणाले. भुवनेश्वरला फोन केला, तर तो हसून म्हणाला, "तुझ्याच मशीनची गडबड आणि मला काय विचारतेस?" तिनं दोन वर्षं घसा फोडून जे शिकवलं, तेच सगळ्यांनी तिच्या तोंडावर परत मारलं. आणि ती गप्प बसली. का? कारण शिकवण तिचीच होती. तिलाही तेच खरं मानायचं होतं.

तिसऱ्या वेळी मात्र तिनं पक्कं केलं. त्या दिवशी मी तिचा डबा घेऊन केंद्रात गेले होते. माझ्यासमोर तिनं हॉलचं मशीन बंद केलं. कुंजीलालला त्याचं मशीन बंद करायला लावलं आणि जेवायला घरी पाठवलं. आता एकच मशीन चालू, तिचं. मुलांची यादी रिफ्रेश केली, भुवनेश्वरच्या ओळीत जुळले लिहिलं, सेव्ह केलं, परत रिफ्रेश करून पाहिलं. जुळले. "आता कोणती शिळी विंडो येते ते पाहातो मी," म्हणाली. त्या यादीची शिळी विंडो जगात कुठे शिल्लकच नव्हती. मग आम्ही हॉलमध्ये बाकड्यावर बसून जेवलो. भेंडीची भाजी होती. गुरुजी आमच्यासमोरून आत गेले, म्हणाले, "जेवा, जेवा."

हात धुऊन आम्ही आत आलो, तर कुंजीलालच्या खुर्चीवर गुरुजी बसलेले आणि त्याचं मशीन सुरू. ताईनं ओले हात ओढणीला पुसत स्वतःच्या मशीनवर बटण दाबलं. भुवनेश्वर, चालू.

तिनं परत एकदा बटण दाबलं. चालूच. मग म्हणाली, "गुरुजी, हे मशीन मी बंद करून गेले होते."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला. चोरी पकडली गेल्यावर माणूस निदान घाबरतो. हा माणूस घाबरला नाही. वर्गात समजावून सांगतात तशा आवाजात म्हणाला, "बस बाई. बिसेनजींचा फोन होता. त्यांचं म्हणणं, लग्न लागेपर्यंत पोराचं नाव यादीत राहू द्या. पर्मनंटची ऑर्डर येऊन राहिली त्याची. पोराची किंमत वाढते अशा वेळी. न जाणो एखादं मोठं स्थळ आलंच तर... म्हणजे येणार नाही, पण माणसानं दार उघडं ठेवावं. सगळेच ठेवतात."

"सगळेच?"

"मग काय तर. तू लहान आहेस म्हणून तुला वाटते शिळ्या विंडोनं होते. अर्धेअधिक मीच करतो, लोकांच्या विनंतीवरून."

घ्या! म्हणजे दोन वर्षं ती कुंजीलालच्या नावानं शंख करत होती, आणि हे गंध लावलेले हेडमास्तर तिच्या पाठीमागे बसून याद्या फिरवत होते. आणि वर तिच्याच शिळ्या विंडोची ढाल पुढे. मला तर त्यांचा तो चष्मा हिसकून फोडावासा वाटला. मी वयानं लहान, म्हणून गप्प राहिले, याचं आजही वाईट वाटतं.

ताईनं मोबाइल काढला आणि तिथेच, गुरुजींच्या समोर, भुवनेश्वरला लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"तुमचं नाव यादीत चालू ठेवलं आहे. तुमच्या वडिलांनी सांगितलं. तुम्हाला माहीत होतं?"

तो आधी हसला. मग म्हणाला, "अगं, बाबांचं असंच असते. मनावर नको घेऊ."

"कोणाकडे जाऊन आले का तुम्ही? साक्षगंध झाल्यावर?"

मग त्या गोड आवाजात तो म्हणाला, "एकच पाहिली. बाबांच्या आग्रहाखातर. खरं सांगू, तुझ्यापेक्षा चांगली नव्हती."

आणि त्याला वाटलं, त्यानं तिची स्तुती केली! शपथेवर सांगते, त्याच्या आवाजात तसं होतं. ती आता लाजेल, असं वाटत होतं त्या माणसाला. ताईनं फोन कापला. "मी काय भाजी आहे का," एवढंच म्हणाली, "का दुसरीकडे भाव विचारून परत आला?"

मग ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "ते चालू, आणि मी एकटी जुळले म्हणून बसून राहू? येडी समजता का मले?" खाली दाबलेली ती मुलींची विंडो तिनं वर काढली. तिची ओळ तशीच. उर्वशी चैतराम कटरे, कुडवा, बीएस्सी, आणि शेवटी जुळले. ती आता स्वतःच्या हातानं चालू लिहिणार होती. पण हाताला वळण होतं ना. काही लिहायच्या आधी बटण दाबायचं. तिनं दाबलं.

जुळले गेलं, आणि तिथे चालू आलं.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते वर पंख्याकडे बघत होते. "हे कोणी सांगितलं?" ताईनं विचारलं. गुरुजी म्हणाले, "घरी विचार बाई. मी काय, लोक सांगतात ते करतो."

घरापर्यंतच्या दोन गल्ल्या तिनं स्कूटी कशी चालवली, देवाला माहीत. मी मागे बसून तिचा कुर्ता घट्ट धरला होता. दुपार टळली होती, माय अंगणात वाळवणाच्या कुरोड्या उलथून घालत होती, आणि बाबूजी ओसरीत खाटेवर. ताईनं स्कूटी स्टँडवर लावलीसुद्धा नाही, तशीच भिंतीला टेकवली.

"बाबूजी, यादीतली माझी ओळ तुम्ही उघडाले सांगितली?"

बाबूजींनी मायकडे पाहिलं. मायनं मान खाली घालून कुरोडी उलथली. म्हणजे तिलाही माहीत होतं. माय, तुलाही? मला रडूच आलं, पण रडण्याआधी राग आला.

"मले गुरुजीनं सांगतलं होतं," बाबूजी म्हणाले, "का बिसेनानं पोराचं नाव उघडं ठेवलं म्हणून. मंग मी काऊन बंद ठेवू? त्यानं उद्या मोडलं, त हात चोळत बसू का? मी पोरीचा बाप आहो."

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं, का तो दुसरीकडे पाहून राहिला?"

"माहीत होतं."

"आणि मले नाही सांगितलं."

"सांगतलं असतं, त तू रागात मोडलं असतं. जमून राहिलं तंवर जमू द्यावं, म्हणलं."

"आणि मी तुम्हाले येऊन विचारलं, तेव्हा शिळी विंडो म्हणाले. माझंच तोंड माझ्याच शब्दानं बंद केलं!"

आमचे बाबूजी राइस मिलमध्ये सुपरवायझर होते, हाताखालच्या माणसांवर दिवसभर ओरडायचे. त्या दिवशी ते खाटेची दोरी ताणून पाहत बसले. मग ताईनं एक प्रश्न विचारला. तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता, तिच्या आला.

"मग कोणी आलं का मले पाहाले?"

बाबूजींनी पायानं चप्पल शोधली. माय कुरोड्या सोडून उठली, "मी चहा ठेवतो," म्हणाली.

"चहा नोको. बस. बाबूजी, कोणी आलं का?"

"आले होते," बाबूजी म्हणाले. "होळीच्या नंतर. ते सालेकशाकडचे."

सालेकशाकडचे म्हणजे कोण, ते मला उभ्या उभ्या आठवलं. एक म्हातारी, तिची सून आणि छोटेलाल नावाचा चष्म्यावाला पोरगा. बाबूजींच्या मिलमधल्या ओळखीचे, लग्नाचं कापड पाहायला आले आहेत, त्यांच्याकडेही लग्न आहे, असं आम्हा दोघींना सांगितलं होतं. ताई इतकी खुश होती! तिनं पेटीतून आपल्या लग्नाच्या साड्या एकेक काढून दाखवल्या. म्हातारी म्हणाली, "शालू अंगावर कसा दिसते पाहू दे बाई." तर तिनं शालू खांद्यावर घेतला, पदर डोक्यावर ओढला आणि त्या तिघांसमोर हसत गोल फिरली. पोहे मीच दिले. तिच्या लग्नाचा शालू, भुवनेश्वरच्या नावानं आणलेला, आणि तो अंगावर घेऊन ती दुसऱ्याला दाखवली जात होती. तिला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. घरात बाकी सगळ्यांना माहीत होतं.

ताईला आठवलं, हे तिच्या तोंडावर दिसलं. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. मला वाटलं ती आता ओरडेल, भांडी फेकेल. तिनं तसं काही केलं नाही. अगदी सरळ आवाजात विचारलं,

"मग? काय म्हणाले ते? पसंत पडली मी?"

बाबूजी खाली बघून म्हणाले, "निरोप यायचा आहे त्यांचा."

तेव्हा ती पेटली. "निरोप यायचा आहे? एक मले ठेवून दुसरी पाहून येते, दुसरा मले पाहून विचार करून राहिला, आणि तुम्ही इथं खाटेवर बसून दोघांचीबी वाट पाहून राहिले! आणि मी मूर्ख दीड महिन्यापासून मेंदी कोण काढंल ते ठरवून राहिली!" तिनं खिडकीतला फोन, तो वायरवाला लँडलाइन, उचलून खाटेवर त्यांच्या मांडीशी ठेवला. "लावा. पहिले सालेकशाले."

"अवो उर्वशी, लोक काय म्हणतील..."

"लावा बाबूजी. मी नाही बोलणार. तुम्हीच दाखवलं, तुम्हीच सांगा. म्हणा, आमच्या पोरीनं तुमचा पोरगा नापसंत केला. मंग बिसेनाले लावा. त्यालेबी तेच म्हणा."

बाबूजींनी मायकडे पाहिलं. मायनं या वेळी मान वर केली आणि म्हणाली, "लावा."

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून म्हातारीच बोलली असावी, कारण बाबूजींनी आधी रामराम घातला, तब्येत विचारली, घसा खाकरला. ताई त्यांच्या समोर उभी होती, हात कमरेवर, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलंही नाही. मग बाबूजी म्हणाले, "माँजी, आमच्या पोरीले तुमचा पोरगा पसंत नाही पडला." फोन कानाला तसाच धरून ते ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नाही जी, कॉम्प्युटरची गलती नाही. तिनं स्वतः सांगितलं."

मग त्यांनी फोन खाली ठेवला, आणि ताईकडे न पाहता आमगावचा नंबर फिरवायला लागले.